दिवा नसलेला डबा

वीज जाते-येते, त्याला आमच्याकडे एकच शब्द: डुमसोर.
डुम म्हणजे विझव. सोर म्हणजे पेटव.
शब्दाच्या मधोमध जी फट आहे
तिथे माझी नोकरी.

तेमा बंदराच्या मागे, कोको साठवायच्या जुन्या गोदामात
संगणकांची चार दालनं.
आराखडा नी ओटू क्वार्टे यांचा.
म्हातारा पेन्सिलीने काढायचा, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा:
दोन वाटा, दोन ट्रान्सफॉर्मर, दोन जनरेटर.
"एकुलत्या एकावर भिस्त ठेवू नये, झिफा,"
असं म्हणायचा. त्याला स्वतःला मुलगी एकच.

रात्रपाळीला मी चाळीस बॅटऱ्यांची नाडी बघते.
तेविसाव्या बॅटरीचा आतला रोध महिन्याभरात चढलाय,
हात लावला तर शेजारणींपेक्षा किंचित कोमट,
ताप लपवून शाळेला निघालेल्या पोरीसारखी.
बदलायला हवी, असं लिहून ठेवलंय.
सही यायचीय अक्राहून.

वीज गेली की अकरा सेकंद.
तेवढ्यात इंजिन जागं होतं, खोकतं, ओझं खांद्यावर घेतं,
आत संगणकांना पत्ताही लागत नाही.
त्या अकरा सेकंदांत मी श्वास घेत नाही,
हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

शनिवारी पहाटे तीन बाराला गेली.
नऊ, दहा, अकरा,
बारा.
तेरा मी इथे पहिल्यांदाच मोजले.

एक नंबर टक् करून गप्प.
दोन नंबर पोट फाडून पडलेला,
त्याचा पंप पंधरा दिवस कस्टमच्या ताब्यात.
पडद्यावर मात्र सगळं हिरवं.
डिझेल ब्याण्णव टक्के, हिरवं.
तेलाचा दाब, पाण्याची ऊब, हिरवी, हिरवी.
इंजिनाला पहिला धक्का देणारे दोन साधे डबे,
ट्रकखाली असतात तसले,
त्यातला एक मेला होता. कधी, कोण सांगणार?
तीनशे चौदा गोष्टींवर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलेलो,
आणि या डब्याला पॅनेलवर दिवाच नव्हता.

मोठ्या बॅटऱ्यांत सतरा मिनिटं.
मग सोळा.

फाटकावर अजेटे. रात्री पहारा, दिवसा टॅक्सी.
मागच्या काचेवर रंगवलेलं: हळू, पण पोचतो.
मी काय मागतेय ते त्याला अर्ध्या वाक्यात कळलं.
दहा नंबरच्या पान्याने बॅटरी सोडवली,
तान्हं मूल उचलावं तशी छातीशी धरून पळत आला.
टॉर्च माझ्याकडे. हलत होता तो माझा हात.
"लाल कुठे?"
"तिकडे. नाही, थांब. हो, तिकडेच."

सहा मिनिटं उरली असताना
इंजिनाने शिवी हासडावी तसा काळा धूर सोडला
आणि चाललं.

पायरीवर बसल्यावर अजेटेने विचारलं,
"आत असतं तरी काय, बाई?"
लोकांचे पगार, म्हटलं. कुणाचा एक्स-रे.
तुझ्या मोबाइलमधले पैसेसुद्धा.
"माझे त्रेचाळीस सेडी?"
तो इतका हसला की खोकला लागला.
"त्यांच्यासाठी एवढी धावाधाव?"

सकाळी आशायमानला घरी पोचले. अंधार.
आई पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली.
"तुमच्याकडे होती का गं रात्री?"
होती, म्हटलं, आणि पुठ्ठा तिच्या हातातून घेतला.

सोमवारी अक्राहून विचारणा आली.
तेविसाव्या बॅटरीबद्दल नाही.
'टॅक्सी, एक दिवस उभी' हा खर्च
कुठल्या रकान्यात टाकायचा?

नी ओटूंचा आराखडा उघडला.
पेन्सिलीच्या रेघा अजून ठसठशीत.
बराच वेळ बघितलं, मग उत्तर लिहिलं:
दुसरी वाट.